पुण्यात फ्लॅट पहिल्यांदाच भाड्याने देतोय: करार, डिपॉझिट, सोसायटी (अनुभवी घरमालकांनी सांगावे)

शेवंती
नमस्कार मंडळी. सासूबाईंचा कोथरूडचा टू बीएचके भाड्याने द्यायचं चाललंय. त्या आता आमच्याकडेच असतात. घर बंद ठेवलं की नळ धरतात, पाली होतात आणि मेन्टेनन्स मात्र दर तिमाहीला भरावाच लागतो. आमच्यात आजवर कुणी भाडेकरू ठेवलेला नाही. "भाडेकरू शिरला की घर गेलं" हे सासऱ्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

एजंटने एक कुटुंब आणलंय. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला आयटीत, एक लहान मुलगी. भाडं २५,०००, डिपॉझिट ७५,०००. माणसं बरी वाटली. पण एजंट म्हणतो, "मॅडम, अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला?" इकडे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आधी कमिटीची एनओसी घ्या, आणि भाडेकरू आला की मेन्टेनन्स दीडपट. हे बरोबर आहे का? शिवाय सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांना कचेरीत नेणं कठीण.

बाणेरचा_बोका
नोटरी अजिबात नको. एजंटला सरळ सांगा, रजिस्टर्ड करार होत नसेल तर दुसरा एजंट बघते.

काळा_कोट
शेवंतीताई, एजंटचं हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अकरा महिन्यांची प्रथा १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर लोक अकरावर थांबतात. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. आपल्याकडे भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आहे, त्याचं कलम ५५ वाचा. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापुढची मेख जास्त टोचणारी आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. उद्या तो म्हणाला भाडं पंधरा हजारच ठरलं होतं, तर बसा पुरावे शोधत.

आता सासऱ्यांच्या भीतीबद्दल. ती उगाच नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडी गोठली, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले, निकाल लागेपर्यंत मालक म्हातारे झाले. मुंबईतल्या पागडीच्या चाळी आजही त्यातच अडकल्यात. पण १९९९ च्या कायद्यातलं कलम २४ खास लिव्ह अँड लायसन्ससाठी आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि समोरचा हलला नाही, तर दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची. नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरून आदेश होतो. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा. आणि मुदत संपल्यानंतर जितके दिवस बसून राहील तितक्या दिवसांचे दुप्पट भाडे नुकसानभरपाई म्हणून त्याच्यावर बसते. हे सगळं करारावरची शेवटची तारीख आणि नोंदणी या दोन गोष्टींवर उभं आहे. नोटरीवाल्या कागदावर यातलं फार थोडं पदरात पडतं.

खर्चाचा बाऊ करू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज मिळवतात. तुमचा हिशेब: ११ महिन्यांचे २,७५,०००, अधिक डिपॉझिटवरचे ६,८७५. त्याचे पाव टक्का म्हणजे सातशेच्या थोडं वर. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइनचे किरकोळ शुल्क आणि घरी येणाऱ्या माणसाची फी वेगळी. हा खर्च बहुतेक ठिकाणी मालक-भाडेकरू निम्मानिम्मा करतात.

शेवंती
घरी येणारा माणूस म्हणजे? सासूबाईंना कुठेच जावं लागणार नाही?

काळा_कोट
नाही. ई-रजिस्ट्रेशन आहे. अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन माणूस घरी येतो, आधारशी ठसा जुळवतो, दोन साक्षीदारांचेही ठसे घेतो. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा पुसट झालेले असतात. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून दहाही बोटं लावून बघा, एखादं लागतं. अजिबातच जुळलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या पद्धतीने नोंदणी होते. फक्त लक्षात ठेवा, घर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणजे करारात लायसन्सर, म्हणजे जागा देणाऱ्या, त्याच. तुमच्या मिस्टरांनी सही करून चालणार नाही, मुखत्यारपत्र असेल तर गोष्ट वेगळी.

सदाशिव_पेठी
सोसायटीचं मी सांगतो, आमच्या कमिटीत बरीच वर्षं काढली आहेत.

१ ऑगस्ट २००१ चा सहकार खात्याचा आदेश आहे. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे १० टक्के पूर्ण मेन्टेनन्स बिलावर नाहीत! बिलातल्या सेवाशुल्कावर, महापालिकेचे कर वगळून. समजा सेवाशुल्क २,००० असेल तर जास्तीत जास्त २००. दीडपट वगैरे काही नाही. आई-वडील, मुलं अशा जवळच्या नातेवाइकांना राहायला दिलं तर तेही नाही. भाड्याने द्यायला कमिटीची पूर्वपरवानगीही लागत नाही. लेखी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, संपलं.

पण आधी बघा तुमची खरोखर सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट. कोथरूडला १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती भरपूर आहेत, आणि लोक त्यांनाही सोसायटीच म्हणतात. हा आदेश सहकारी संस्थांना लागू. अपार्टमेंट असेल तर डिक्लेरेशन डीड आणि उपविधी काढून वाचावे लागतील.

आणि एक, सेक्रेटरीशी भांडत जाऊ नका. आदेशाची प्रत लावून साधं पत्र द्या, पोच घ्या. सेक्रेटरी हा फुकटात काम करणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा प्राणी असतो, कागद दाखवला की बहुतेक वेळा विषय मिटतो.

बाणेरचा_बोका
पोलीस व्हेरिफिकेशन विसरू नका. पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाला बंधनकारक असतं. नाही दिली तर गुन्हा मालकावर. ऑनलाइन भरता येते. फोटो, आधार, कायमचा पत्ता, नोकरीचं ठिकाण एवढं हाताशी ठेवा.

चावीवाली_काकू
कागदाचं वकीलसाहेबांनी सांगितलं. मी घराचं सांगते. औंध-पाषाणला नात्यातल्यांचे बरेच फ्लॅट मीच बघते, सगळे परदेशात.

चावी देण्याआधी खालच्या मजल्यावरच्यांकडे चहाला जा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघून या. ओल आधीपासून असेल तर आत्ताच कळेल. नाहीतर भाडेकरू राहायला येतो, चार महिन्यांनी खालचे तक्रार करतात, आणि भाडेकरू म्हणतो आधीपासून होतं, तुम्ही म्हणता याच्यामुळे झालं. फोटो तारखेसकट काढून ठेवा.

मग भाडेकरूला बरोबर घेऊन मोबाइलवर व्हिडिओ करत घरभर फिरायचं. वीजमीटरचं रीडिंग, गॅसचं रीडिंग. प्रत्येक नळ सोडून बघायचा. फ्लश टँक भरल्यावर पाणी थांबतंय की बारीक धार चालूच आहे. किचनच्या ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढून बघायच्या, चॅनेल गेलेले असतात ते दिसत नाहीत. चिमणीची जाळी काढून दाखवायची. गिझर चालू करून पाच मिनिटं थांबायचं. दारामागे, कपाटाच्या आत, सिंकखाली कॅमेरा न्यायचा. सेफ्टी डोअरच्या किती चाव्या, लेटरबॉक्सची चावी, पार्किंगचा रिमोट. हे सगळं करारासोबतच्या यादीत उतरवायचं आणि त्यावर दोघांच्या सह्या. मग घर सोडताना वाद उरत नाही. टीव्हीसाठी भिंतीत ड्रिल करायचं असेल तर विचारून, हेही त्यातच लिहा.

वीज मीटर मालकाच्या नावावरच ठेवा, पण ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये स्वतःच्या मोबाइलवर टाकून ठेवा. बिल थकलं की आपल्याला लगेच दिसतं. थकबाकी शेवटी मीटर ज्याच्या नावावर त्याच्याच गळ्यात.

आणि टँकर! उन्हाळ्यात टँकरचे पैसे सोसायटी वेगळे लावते. ते कोणी भरायचे हे आधी ठरवा. या एका गोष्टीवरून चांगल्या माणसांची तोंडं वाकडी झालेली बघितलीत मी.

फिरस्ता_भाडेकरू
घरमालकांच्या धाग्यात भाडेकरू बोलतोय, चालेल ना? :)

पुण्यात बरीच घरं बदलली, सगळी भाड्याची. मालकांनी दुसरी बाजूही ऐकावी. प्रत्येक वेळी सोडताना "रंगाचे" म्हणून डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापतात. घरात तीन वर्षं माणसं राहिल्यावर भिंत मळणारच, ती वापराने झालेली झीज आहे. मुलाने भिंतीवर खडूने रेल्वेगाडी काढली तर ते नुकसान, त्याचे पैसे घ्या. रंगाचे पैसे कापायचेच असतील तर रक्कम करारातच लिहा, म्हणजे आम्ही आधीच ठरवू घ्यायचं की नाही.

दुसरं, न सांगता बेल वाजवणारे मालक. "सहज आलो होतो, म्हटलं डोकावून जावं." अहो, रविवारी सकाळी नऊला? एक दिवस आधी मेसेज टाकायला काय जातं.

डिपॉझिट घर सोडायच्या दिवशी, चावी देता-घेताच मिळावं. एका मालकांनी दोन महिने "बघतो, करतो" केलं. पुढचं घर घ्यायला आमच्याकडे दुसरं डिपॉझिट कुठून येणार?

चावीवाली_काकू
बाळा, चावी-डिपॉझिट एकाच वेळी, अगदी मान्य. पण मग तुम्ही लोकही "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणू नका. डिपॉझिट तिथेच संपलं तर वीजबिल आणि तुटलेलं बेसिन कशातून भरायचं?

फिरस्ता_भाडेकरू
काकू, ते मी कधी केलं नाही. पण का करतात ते सांगतो: मालक परत देणार नाही ही भीती.

एडिसनकर
काकूंसारखी नातेवाईक प्रत्येक एनआरआयला मिळो. आमचा फ्लॅट ठाण्यात, आम्ही न्यू जर्सीत. परदेशातल्या मंडळींसाठी थोडं.

मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, रक्कम लहान असली तरी. दर ३१.२ टक्के. निवासी मालकासारखी दरमहा ५०,००० ची मर्यादा इथे नाही. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीतच नसतं आणि कळल्यावर ते घाबरून घर नाकारतात, म्हणून मी पहिल्याच फोनवर सांगतो आणि कागदपत्रांचा खर्च माझ्याकडे घेतो. जास्त कापला गेलेला कर रिटर्न भरून परत मिळतो, किंवा आधीच कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र काढता येतं. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं). आणि भावाला मुखत्यारपत्र इथून पाठवणार असाल तर इथे साक्षांकन करून, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला सांगा. आमच्या ओळखीच्यांचं पत्र कपाटात राहून गेलं आणि दंडाचं लफडं झालं.

काळा_कोट
करावरून आठवलं. शेवंतीताई, भाडं कुणाच्या खात्यात घेणार आहात?

शेवंती
यांच्याच. सासूबाईंना ऑनलाइन जमत नाही.

काळा_कोट
सासूबाईंच्या खात्यात घ्या. घर त्यांचं तर उत्पन्न त्यांचं, खातं कुणाचंही असो. मिस्टरांच्या खात्यात दरमहा २५,००० दिसले की उगाच खुलासे देत बसाल. त्यांच्या दृष्टीने फायद्याचंही आहे. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत. निवृत्तिवेतन आणि हे मिळून नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत बसत असेल तर बहुधा कर शून्यच येईल, रिटर्न मात्र भरा.

भाडं लपवायचं तर डोक्यातही आणू नका. भाडेकरू कंपनीत घरभाडे भत्त्याची सूट मागतो तेव्हा वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. तुमच्या बाबतीत तो मागणारच.

सदाशिव_पेठी
पुणे महापालिकेची मिळकत करातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे. भाड्याने दिल्यावर ती राहत नाही. हे २५,००० चा हिशेब करताना धरा.

आकडेमोड्या
वाचतोय. हिशेबाचा विषय निघालाच आहे तर गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. (शेवंतीताईंचं घर आहेच, त्यांना हे लागू नाही.)

समजा आज ८५ लाखांचा फ्लॅट घेतला आणि भाडं २५,००० आलं. वर्षाचे तीन लाख, साडेतीन टक्के. छान वाटतं. आता मेन्टेनन्स ३,००० प्रमाणे ३६,००० गेले. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो, तेव्हा एक महिना घर रिकामं आणि एक महिन्याची दलाली, म्हणजे वर्षाला सरासरी २५,०००. मिळकत कर, प्लंबर, रंग धरून आणखी २५,०००. हातात सव्वादोन लाखांच्या आसपास उरतात. म्हणजे अडीच टक्के. खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क आणि फर्निचर यात अजून धरलेलंच नाही. गृहकर्ज काढून घेतलं असेल तर व्याजाचा दर याच्या तिप्पट. "भाड्यातून हप्ता निघेल" हे वाक्य बिल्डरच्या सेल्स ऑफिसात फार गोड लागतं, वहीत उतरत नाही. किंमत वाढेल ही आशा असेल तर त्या आशेवर घ्या, भाड्याच्या भरवशावर नको.

आणि नव्या करप्रणालीत भाड्याच्या घरावरच्या व्याजाने झालेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत येतो.

बाणेरचा_बोका
दुकानाचा गाळा घ्या मग, परतावा जास्त.

आकडेमोड्या
जास्त, पण रिकामा राहिला की वर्ष-वर्ष रिकामा. आणि वर दिलेलं कलम २४ राहण्याच्या जागेसाठी आहे, गाळ्याला ती झटपट वाट मिळत नाही. व्यावसायिक भाड्यावर जीएसटी वेगळा.

म्हापशेकार
गोंयांत ही कलमां लागू नाहीत हां. आमच्याकडे १९६८ चा वेगळा भाडे कायदा आहे. आणि पर्यटकांना चार दिवसांसाठी खोली द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी हवी. पुण्या-मुंबईची मंडळी इथे फ्लॅट घेऊन लगेच ऑनलाइन टाकतात, मग नोटीस आली की आम्हाला फोन.

निशिगंध
एक शंका. व्हॉट्सॲपवर फिरतंय की "नवीन भाडे कायदा लागू, डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही." आणि बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो हेही. खरं काय?

काळा_कोट
पहिलं: केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांना पाठवला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. महाराष्ट्रात आपला १९९९ चाच चालतो. दुसरं: बारा वर्षांची गोष्ट मालकाच्या हक्काला आव्हान देऊन उघडपणे बळकावलेल्या ताब्याबद्दल आहे. जो भाडं देऊन, करार करून, तुमच्या परवानगीने राहतो त्याला ती लागू होत नाही. अर्थात ते दाखवायला जुने करार हवेत, म्हणून मुदत संपलेले करार फेकू नका.

शेवंती
सर्वांचे आभार. अपडेट: सदाशिव_पेठी म्हणाले तसं पत्र दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "दीडपट म्हणजे मी नाही, कमिटी म्हणते." पण पत्राची पोच दिली. सोसायटी सहकारीच आहे, बिलावर नोंदणी क्रमांक सापडला. एजंट रजिस्ट्रेशनला तयार झाला, म्हणतो "मी तर तुमचाच खर्च वाचवत होतो."

आता ते कुटुंब म्हणतंय की थेट तीन वर्षांचा करार करा, मुलीची शाळा जवळच आहे. करावा का? अकरा महिन्यांनी पुन्हा सगळं करण्यापेक्षा बरं वाटतंय, पण सासूबाई म्हणतात मध्येच घर लागलं तर?

चावीवाली_काकू
शाळेतलं मूल असलेलं कुटुंब म्हणजे सोनं. करा.

काळा_कोट
लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. ३६ चा केलात तर नोंदणी फी एकदाच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर असल्याने तिथे फारसा फरक नाही. दरवर्षीची वाढ आकड्यात लिहा. "परस्परसंमतीने वाढवण्यात येईल" असं मोघम नको. पहिल्या वर्षी २५,०००, दुसऱ्या वर्षी २६,२५०, असं.

लॉक-इन सहा महिन्यांचं ठेवा, त्या काळात दोघांनीही सोडायचं नाही. त्यानंतर कोणत्याही बाजूने दोन महिन्यांची लेखी नोटीस. सासूबाईंच्या शंकेचं उत्तर या कलमात आहे. नोटीस कुठल्या ईमेलवर, कुठल्या नंबरवर ग्राह्य धरायची तेही घाला. भाडं थकलं तर किती दिवसांनी करार रद्द करता येईल ते लिहा. वाद झालाच तर पाणी-वीज तोडायला जाऊ नका, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ त्याला मनाई करतं आणि तिथे बाजू तुमची पडते.

मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख मोबाइलवर लावून ठेवा. तेव्हाच विचारायचं, राहणार की जाणार. राहणार असतील तर नवा करार त्याच आठवड्यात. मुदत संपून गेलीय आणि भाडं मात्र दर एक तारखेला जीपेवर येतंय, अशा अवस्थेत लोक वर्ष-वर्ष काढतात आणि मग माझ्याकडे येतात.

शेवंती
दोन महिने आधीची तारीख लावली. गुरुवारी संध्याकाळी अंगठ्याचं मशीन येतंय. काकू, खालच्यांकडे चहाला जाऊन आले. बाथरूमच्या कोपऱ्यात थोडी ओल आहे, ते म्हणतात दोन पावसाळे आहे. आधी प्लंबर की आधी करार?

चावीवाली_काकू
आधी प्लंबर. नहाणीच्या जाळीभोवतीचा सिमेंटचा भाग उघडून बघायला सांग, बहुतेक वेळा पाणी तिथूनच झिरपतं. आणि टाइल्स फोडायला काढल्या तर आधी दुसऱ्याला विचार.